‘हो’ म्हणण्याआधी: ऐरोली-महापेच्या ऑफिसात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर जून-जुलैत सकाळी नवे चेहरे लगेच ओळखू येतात. ऐरोली यायला अजून अवकाश असतो, पण कंपनीचं ओळखपत्र गाडीत चढण्याआधीच गळ्यात आलेलं असतं. त्यांतला एखादा दर वर्षी माझ्या टीममध्ये येऊन पडतो आणि पहिल्या आठवड्यात हळूच सांगतो, "मॅडम, बाकी सगळं जमेल, फक्त माझं इंग्लिश वीक आहे."

२०११ साली मी जालन्याहून आले तेव्हा माझंही हेच रडगाणं होतं. रोज रात्री आरशासमोर इंग्रजी बोलायचे, रूममेट हसायची. आज मागे वळून बघते तर इंग्रजीमुळे अडलेली कामं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. कळलेलं नसताना म्हटलेल्या ‘हो’मुळे बिघडलेली कामं मात्र मोजायला बसले तर शिफ्ट संपेल. म्हणून खालच्या पायऱ्यांत व्याकरण फारसं सापडणार नाही. ते येतं हळूहळू, सगळ्यांनाच येतं.

पायरी पहिली: हाक काय मारायची ते ठरवा

हसू नका, याच्यात लोकांचे आठवडे जातात. महापे-ऐरोलीच्या बहुतेक आयटी ऑफिसांत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पन्नाशीच्या साहेबांनासुद्धा. आपल्या घरात काकांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारली तर पाठीत धपाटा बसतो, त्यामुळे नवा मुलगा हाकच मारत नाही. साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहतो आणि "ते जरा..." असं सुरू करतो. आमच्या आजीचं आजोबांशी बोलणं असंच होतं, "अहो, ऐकलंत का?"

सोपा उपाय म्हणजे पहिल्या दिवशी शेजारचा काय म्हणतो ते ऐका आणि तेच म्हणा. अगदीच जीभ रेटत नसेल तर महिनाभर ‘सर’, ‘मॅडम’ चालून जातं. वागळे इस्टेटच्या किंवा रबाळे एमआयडीसीच्या कारखान्यात तर नावाने हाक मारणंच विचित्र दिसेल. तिथे ‘साहेब’ आणि ‘भाऊ’ चालतं.

हिंदीत बोलताना एक जपा. आपण मुंबईच्या हवेत ‘तू’ आणि ‘तुम’ सहज वापरतो, त्यात आपलेपणाच असतो. लखनऊकडच्या माणसाला तेच ‘तू’ टोचतं, आणि तो तसं बोलूनही दाखवत नाही, नुसता गप्प होतो. पहिला महिना सगळ्यांना ‘आप’.

त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर तीन नावं लिहून घ्या: मला काम कोण देणार, अडलं तर कोणाला विचारायचं, उशीर होणार असेल तर कोणाला कळवायचं. ही तिन्ही एकच व्यक्ती असते असं समजू नका. बहुधा नसते.

पायरी दुसरी: तुमचा ‘हो’ कोणता ते आधी तपासा

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. आमचा टीम लीड हिंदीभाषक, घाईत कॉलवर चाललेला. जाता जाता माझ्या डेस्कजवळ थांबून म्हणाला, "वो बिलिंगवाला रिपोर्ट बंद कर देना." मी ताडकन "हो सर" म्हटलं आणि पाच मिनिटांत काम करूनही टाकलं. रोज पहाटे आपोआप जाणारा बिलिंग रिपोर्ट शेड्यूलमधून काढून टाकला. मनात म्हटलं, किती पटकन केलं!

त्याला सांगायचं होतं ते एवढंच, की बिलिंगची एक्सेल फाइल माझ्या मशीनवर उघडी राहिल्यामुळे बाकीच्यांना ती लॉक दिसतेय, ती बंद कर.

तीन दिवस क्लायंटला रिपोर्ट गेला नाही. चौथ्या दिवशी तिकडून मेल आली, तिच्यात आमच्या तीन साहेबांची नावं होती. त्या दिवशी मला ओरडा बसला तो "विचारलं का नाहीस?" म्हणून. आणि मला खरंच वाटलं होतं की विचारायची गरजच नाही. शब्द तर साधाच होता, ‘बंद’.

मराठीत ‘हो’चे निदान तीन अर्थ होतात. ऐकलं. समजलं. करते. फोनवर आई बोलत असताना आपण दर वाक्याला ‘हो... हो...’ करतो तो पहिला. ऑफिसात समोरचा मात्र नेहमी तिसरा अर्थ घेतो. तुम्ही पहिला ‘हो’ म्हणता, तो तिसरा ऐकतो, आणि मधली ‘समजलं’ची पायरी कोणीच चढत नाही.

यावरचा उपाय आपल्या ओळखीच्या हॉटेलात रोज दिसतो. चार जणांनी ऑर्डर दिली की वेटर लिहून घेतो आणि जायच्या आधी म्हणून दाखवतो, "दोन मिसळ, एक कमी तिखट, एक साधा डोसा, तीन चहा, त्यातला एक बिनसाखरेचा." विमानाचे पायलट कंट्रोल टॉवरची सूचना अशीच परत म्हणून दाखवतात. त्यांना ते नियमानेच करावं लागतं. वेटरने पुन्हा म्हटलं म्हणून त्याला मिसळ कळत नाही असं आपल्याला वाटत नाही ना? मग तुम्ही पुन्हा म्हटलंत तर साहेबांनाही तसं वाटणार नाही.

पुन्हा म्हणताना त्यांचेच शब्द पोपटासारखे म्हणू नका. "बिलिंगवाला रिपोर्ट बंद करते" असं मी म्हटलं असतं तरी घोटाळा व्हायचा तो झालाच असता. आपल्या शब्दांत, काय करणार आणि काय करणार नाही, दोन्ही सांगा: "म्हणजे रोजचा रिपोर्ट शेड्यूलमधून काढते, उद्यापासून जाणार नाही. बरोबर?" एवढं कानावर पडलं असतं तर तो दारातून परत आला असता. इंग्रजीत सुरुवात करायला ‘जस्ट टू कन्फर्म’ हे तीन शब्द पुरतात, पुढचं मोडकंतोडकं चालतं.

‘हो’चे आणखी काही भाऊबंद आहेत. ‘बघतो’ म्हणजे आपल्याकडे सभ्य नकार, पण आंध्रचा किंवा अमेरिकेतला सहकारी त्याला वचन समजतो. ‘ट्राय करतो’ तसंच. जमणार नसेल तर "आज नाही जमणार, उद्या बारापर्यंत देते" हे लगेच म्हणावं. नकाराला तारीख जोडली की तो उद्धट वाटत नाही.

मान डोलावण्याचंही तेच. आपण मान आडवी-तिरकी हलवतो ती होकारार्थी आहे की नकारार्थी, हे परदेशातल्या माणसाला व्हिडिओ कॉलवर कळत नाही. कॅमेरा सुरू असला तरी तोंडाने बोला.

आणि एक खास मराठी वळण आहे, ‘राहून गेलं’. किती गोड शब्द आहे! कोणी ठेवलं, का राहिलं, कधी होणार, काही सांगावं लागत नाही. ‘होऊन जाईल’, ‘करून टाकू’, ‘पाठवलं जाईल’ हे सगळे त्याच घराण्यातले. घरी खुशाल वापरा. कामाचं सांगताना वाक्यात माणूस आणि वेळ आलीच पाहिजे: "मी दुपारी तीनपर्यंत पाठवते."

पायरी तिसरी: शिफ्ट सोडताना

‘बंद’ या शब्दाने माझा पिच्छा सोडला नाही. माझा धाकटा दीर रबाळेला एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहे. त्याला मी माझी फजिती सांगितली तर तो म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे हा शब्द लॉगबुकात लिहायलाच मनाई आहे." कारण ‘पंप बंद आहे’ याचे दोन अर्थ होतात: पंप थांबवलेला आहे, बटण दाबलं की चालेल. किंवा पंप बिघडलेला आहे, उघडून ठेवलाय, हात लावू नका. ते लोक ‘थांबवला’ किंवा ‘दुरुस्तीला’ असंच लिहितात, आणि त्याच्याखाली कारण.

ही शब्दाची कीस काढण्याची हौस नव्हे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर स्फोट आणि आग होऊन १६७ माणसं गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती झाकणपट्टी बसवलेली होती. रात्रपाळीत दुसरा पंप बंद पडला. पहिल्या पंपाचा व्हॉल्व्ह जागेवर नाही हे रात्रपाळीच्या लोकांपर्यंत पोहोचलंच नव्हतं, त्यांनी तो सुरू केला. व्हॉल्व्ह काढल्याचा कागद प्लॅटफॉर्मवर होता. हातात घेऊन कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

आयटीत जीव जात नाही, झोप जाते. पण हँडओव्हरची रीत तीच. जाताना लिहा: काय पूर्ण झालं, काय अर्धवट आहे आणि नेमकं कुठे थांबलंय, आणि कशाला हात लावू नये. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच नेहमी विसरतं. लिहून झालं की येणाऱ्याला दोन मिनिटं तोंडी सांगा आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या. ८ वाजून ४० मिनिटांची गाडी चुकली तर पुढची आहे.

पायरी चौथी: वेळ, तारीख, आकडे

‘ईओडी’ म्हणजे दिवसअखेर. पण कोणाच्या दिवसाची? न्यूयॉर्कच्या क्लायंटचे शुक्रवारचे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे शनिवारच्या पहाटेचे अडीच किंवा साडेतीन वाजलेले असतात. म्हणून विचारायला लाजू नका, "तुमचा शुक्रवार की आमचा?" आणि लिहिताना वेळेपुढे ‘भारतीय वेळ’ लिहा.

वर मी ‘अडीच किंवा साडेतीन’ म्हटलं ते उगाच नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार, पण तिथली घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हलतात. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिका सरकलेली आणि इंग्लंड जागेवर, असा गोंधळ असतो.

माझा सोमवारचा कॉल साडेसातला असायचा, त्यांचे सकाळचे नऊ. एका मार्चच्या सोमवारी मी साडेसहाला गेटबाहेरच्या टपरीवर कटिंग घेत निवांत उभी होते आणि तिकडे पाच जण माझी वाट बघत होते. कॉलचं कॅलेंडर आमंत्रण आपोआप सरकलं होतं. मीच हुशारी करून फोनमध्ये वेगळा अलार्म लावला होता आणि कॅलेंडरकडे बघायचं सोडून दिलं होतं. तेव्हापासून कॅलेंडर सांगेल तीच वेळ.

तारीख आकड्यांत लिहू नका. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकनांना ४ मार्च. महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलं की प्रश्न मिटला. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप ओळीत लागतात. बोलताना ‘परवा’ तर टाळाच. आपला परवा होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही असतो, आणि हिंदीतला ‘कल’ तसाच. इंग्रजीवाले फार शहाणे आहेत असं नाही, त्यांच्या ‘बायवीकली’चा अर्थ आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, यावर त्यांचेच वाद होतात. वार आणि तारीख, दोन्ही सांगा.

लाख-कोटी परदेशात कळत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. स्वल्पविरामाची जागाही बदलते, आपण १,००,००० लिहितो, ते १००,००० लिहितात. हे एकदा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, मला अजून लागतं.

गाडीचं राहिलंच. पावसाळ्यात गाड्या लटकणार, रविवारी मेगाब्लॉक असणार, हे साहेबांनाही माहीत असतं. ‘ट्रेन लेट’ एवढ्याच मेसेजने त्यांचं काही भागत नाही. "गाडी रबाळेला थांबली आहे, दहाचा कॉल फोनवरून घेते, स्क्रीन दाखवायला मात्र अमक्याला सांगा" याने भागतं.

पायरी पाचवी: मेल

शाळेत आपल्याला पत्र शिकवलं ते मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिण्यापुरतं. ‘रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’ हे तिथेच सोडून या. मेल वाचणारा बहुधा फोनवर वाचतो, एका हाताने गाडीचा दांडा धरून. त्याला पहिल्या दोन ओळींत कळलं पाहिजे की त्याने काय करायचंय.

विषयाच्या जागी ‘अर्जंट’ किंवा ‘क्वेरी’ लिहिलं की काहीच कळत नाही. तिथेच काम आणि मुदत टाका. तुमची मेल इंग्रजीत असेल, पण सांगाडा असा:

विषय: मार्च बिलिंग, दोन आकडे जुळत नाहीत, गुरुवार ५ वाजेपर्यंत उत्तर हवं

मजकूर: ओळ ४२ आणि ५७ मधली रक्कम मूळ पावतीपेक्षा कमी आहे (पावत्या जोडल्या आहेत). कोणती धरायची ते कृपया सांगा. गुरुवारी पाचपर्यंत उत्तर आलं नाही तर मी पावतीची रक्कम धरून रिपोर्ट पाठवते.

शेवटचं वाक्य बघा. उत्तर नाही आलं तरी काम अडत नाही, आणि समोरच्याला वेळीच हरकत घेता येते. मात्र पैशांच्या किंवा परवानगीच्या बाबतीत ते लिहिण्याआधी आपल्या लीडला विचारून घ्या.

आपल्या ऑफिसी इंग्रजीत काही शब्द मुख्यतः भारतातच चालतात. ‘डू द नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की परदेशी माणसाला वाटतं, तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. ‘क्वेश्चन’ म्हणा. सगळ्यात घातक ‘रिव्हर्ट’. आपल्याकडे त्याचा अर्थ उत्तर देणे. बाहेर त्याचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला जाणे, आणि सॉफ्टवेअरमध्ये तर केलेला बदल मागे घेणे. आमच्या एका पोराने "तुमच्या कोडवर मी संध्याकाळपर्यंत रिव्हर्ट करतो" असं लिहिलं आणि तिकडचा डेव्हलपर घाबरून अर्ध्या रात्री कॉलवर आला.

‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरच्या काळात कागदाखाली कार्बन घालून निघायची ती. तिचं काम माहितीसाठी, इतकंच. साहेबांना सीसीत टाकून सहकाऱ्याला आठवण करणं म्हणजे भर वर्गात बाईंकडे तक्रार. कधीकधी करावं लागतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवणीनंतर. पत्ता सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे अर्धवट मेल सुटत नाही. जीमेल असेल तर पाठवलेली मेल मागे घ्यायची मुदत सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, आजच वाढवा.

आता मेल चॅटजीपीटीकडून लिहून घेणारेही आहेत. व्याकरण सुधारायला माझी ना नाही. पण ते तीन ओळींच्या पंधरा करतं आणि त्यात तुम्ही न विचारलेलं सौजन्य भरतं. लहान करून घ्या. आणि क्लायंटची नावं, आकडे, कोड बाहेरच्या साधनात चिकटवण्याआधी कंपनीचा नियम विचारा, यात नोकरी जाऊ शकते.

पायरी सहावी: चॅट

‘हाय’ लिहून थांबू नका. समोरच्याला ‘हाय’ दिसतं, तो हातातलं काम सोडून ‘हाय, बोल’ लिहितो आणि मग पाच मिनिटं तुम्ही टाइप करताय हे बघत बसतो. नमस्कार, प्रश्न आणि घाई किती, हे एकाच मेसेजमध्ये टाका. तीनदा इकडून तिकडे झालं आणि तरी कळलं नाही, तर फोन उचला.

अंगठ्याच्या चिन्हाचाही ‘हो’सारखाच घोळ आहे. कोणी ‘वाचलं’ म्हणून लावतो, कोणी ‘करतो’ म्हणून. आमच्या टीममध्ये ठरलंय, अंगठा म्हणजे फक्त वाचलं. काम घेतलं असेल तर ‘मी घेते’ असं लिहायचं.

टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप वाढदिवस आणि मेगाब्लॉकसाठी ठेवा. कामाचा निर्णय तिथे झाला तर तो कोणालाच पुन्हा सापडत नाही.

पायरी सातवी: कॉल

पहिल्या कॉलला सगळ्यांचीच फे फे उडते. अमेरिकन उच्चार कळले नाहीत तर दोष तुमचा एकट्याचा नाही, त्यांनाही तुमचे कळत नसतात. टीम्स, झूम, मीट या सगळ्यांत बोललेलं अक्षरांत दाखवायची सोय आहे, ती सुरू करा. चुका करते, पण आधार होतो.

"सॉरी, कम अगेन?" असं म्हटलं की समोरचा तेच वाक्य तेवढ्याच वेगात, फक्त मोठ्याने म्हणतो. त्यापेक्षा नेमकं सांगा, "तारखेपर्यंत कळलं, त्यापुढचं पुन्हा सांगाल?" दुसऱ्यांदाही नाही कळलं तर "चॅटवर लिहाल का?" म्हणून मोकळे व्हा. न कळता ‘ओके’ म्हणणं म्हणजे पुन्हा आपला तो पहिला ‘हो’.

आपण ‘व’ एकच म्हणतो, इंग्रजीत त्याची दोन अक्षरं आहेत. ईमेलचा पत्ता किंवा सर्व्हरचं नाव सांगताना यात हमखास चूक होते. त्यासाठी विमानवाल्यांची अक्षरमाला पाठ करा: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा... यात व्ही म्हणजे व्हिक्टर आणि डब्ल्यू म्हणजे व्हिस्की. ऑफिसात मोठ्याने व्हिस्की म्हणताना पहिल्यांदा हसू येतं, मग सवय होते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात. त्यांना ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’ म्हणा.

घरून काम करत असाल तर म्यूटचं बटण कुठे आहे ते अंधारातही सापडलं पाहिजे. टीम्सवर कंट्रोल, शिफ्ट आणि एम. २०२०च्या लॉकडाउनमध्ये माझ्या कळव्याच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या न्यू जर्सीपर्यंत पोहोचल्या होत्या. "व्हॉट वॉज दॅट?" म्हणून सगळे थांबले. मी म्हटलं, "डिनर." त्यानंतर तो क्लायंट माझ्याशी बराच मोकळा बोलायला लागला, ते वेगळं.

कॉल संपला की दहा मिनिटांत पाच ओळी लिहून सगळ्यांना पाठवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. हे काम कोणाला आवडत नाही, म्हणून नव्या माणसाने मागून घ्यावं. बोलायला जमत नसेल तरी टीममध्ये तुमचं नाव रोज दिसतं, आणि चुकीचं कळलेलं त्याच दिवशी दुरुस्त होतं.

पायरी आठवी: अडलं, चुकलं, किंवा कोणी वाईट वागलं

अडल्यावर किती वेळ स्वतः झगडायचं? माझा हिशेब अर्ध्या तासाचा. त्याआधी विचारलंत तर तुम्ही शोधलंच नाही असं वाटतं, त्यानंतर विचारलंत तर दुपार गेलेली असते. विचारताना काय करायचं होतं, काय करून पाहिलं, काय एरर आली, हे तिन्ही सांगा. "चालत नाहीये" एवढ्यावर कोणी मदत करू शकत नाही.

चूक झाली तर त्याच तासात सांगा. आधी काय बिघडलं, मग आत्ता काय करतेय, आणि का झालं ते सगळ्यात शेवटी. आपण उलटं करतो. कारणांपासून सुरुवात करतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

ओरडा आणि छळ यात मात्र फरक आहे. चुकीबद्दल रागावणं सहन होतं. लैंगिक स्वरूपाचं बोलणं, मेसेज, स्पर्श हे ‘गैरसमज’ म्हणून गिळू नका. २०१३च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. स्त्री कर्मचाऱ्याने तिच्याकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. मेसेज पुसू नका. समितीवर कोण आहे, हे रुजू झाल्याच्या आठवड्यातच विचारून घ्या, तेव्हा विचारायला संकोच वाटत नाही.

पायरी नववी: डब्याच्या टेबलावर

आमच्या टेबलावर तीन मराठी, एक मल्याळी, एक तेलुगू, एक बिहारचा. डबे उघडले की आम्ही तिघी मराठीत सुरू होतो. वाईट हेतू अजिबात नसतो, पण तेवढ्यात कामाचं काहीतरी बोलून होतं आणि उरलेल्या तिघांना ते दुसऱ्या दिवशी कळतं. गप्पा कोणत्याही भाषेत मारा. कामाचं निघालं की सगळ्यांना कळेल अशा भाषेत या, आणि मराठीत ठरलंच असेल तर चॅटवर एक ओळ टाका.

उलटंही असतं. सगळे फाडफाड हिंदी-इंग्रजीत बोलत असताना नवा मराठी मुलगा डब्यात मान घालून बसतो आणि मग लोक त्याला शिष्ट समजतात. त्याने चटणी पुढे करावी. जवसाच्या चटणीवरून आमच्याकडे अर्धा तास चर्चा झालेली आहे.

गेल्या महिन्यात माझ्याकडे नांदेडचा एक मुलगा रुजू झाला. तिसऱ्याच दिवशी मी त्याला घाईघाईत एक काम सांगितलं आणि पर्स उचलून निघाले. तो मागून आला. "मॅडम, जस्ट टू कन्फर्म," म्हणाला, आणि पुढे मराठीत, "जुना डेटा २४ तारखेपर्यंतचा काढायचा, त्यापुढचा ठेवायचा. बरोबर?" मी हो म्हणणार होते. १४ म्हणायचं होतं मला, २४ मीच म्हणाले होते.